पळा, म्हातारा आला!

११ फेब्रुवारी

ताईने मला नोकरी दिली. कामाचं नाव फार भारी आहे, पण अर्थ एवढाच की तिची कंपनी मोबाइलवरचे गेम बनवते आणि ते मी खेळून मोडायचे. कुठे अडकतात, कुठे बंद पडतात, कुठे माणूस भिंतीतून आरपार जातो, ते सांगायचं. शाळेत मी हेच करायचो तर वर्गाबाहेर उभं करायचे. इथे बसायला खुर्ची आहे.

खुर्ची टायरवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत आहे. खाली हवा भरायचं मशीन सुरू झालं की वर आमची टेबलं थरथरतात. कंपनीत ताई, मी आणि पेन्सिल. पेन्सिल म्हणजे चित्रं काढणारा. इतका बारीक आहे की पंखा जोरात लावला की आधी त्याला धरावं लागतं.

ताईने एक वही दिली, रोज काय मोडलं ते लिहायला. मी दुसरी आणली. तिच्या वहीत गेमचं लिहिणार, हिच्यात बाकीचं.

१४ फेब्रुवारी

गेम असा आहे. गच्चीवर एक पोरगा, खाली दोऱ्यांवर धुतलेले कपडे. पोरगा वरून शाई, चिखल, अंडी, जे हाताला लागेल ते टाकतो. कपडेवाला म्हातारा गरम इस्त्री घेऊन त्याच्या मागे धावतो. पकडलं की घंटा वाजते, खेळ संपला.

"कसा वाटला?" ताईने विचारलं.

"झोप येते."

"नीट सांग."

"नीट झोप येते."

पेन्सिल हसला. ताईने बघितल्यावर तेच हसू त्याने खोकल्यात बदललं.

ताईने बँकेची नोकरी सोडून ही कंपनी काढली. आधीचे दोन गेम सपाटून पडले. हाही पडला तर काय, ते ती बोलत नाही. नखं मात्र पार कुरतडून संपवलीत, आता पेन्सिलची मागेल.

२० फेब्रुवारी

आज मजा केली.

आमच्या बाबांचं इस्त्रीचं दुकान आहे, घराच्याच खाली. पण बाबांचं नाव इस्त्रीमुळे नाही, ओरडण्यामुळे आहे. घाणेरडा शब्द एक नाही, पण जे काय सुचतं त्यांना! माझ्यावर तर जास्तच सुचतं. मित्रांना ऐकवायला म्हणून मी मागेच एक युक्ती काढली होती. इस्त्रीला आलेल्या शर्टाच्या खिशात फोन ठेवायचा, रेकॉर्डिंग सुरू करायचं, मग काहीतरी उद्योग करायचा आणि दाराशी उभं राहून प्रसाद घ्यायचा. अशी बरीच जमलीत.

ताई जेवायला गेली तेव्हा मी गेममधली घंटा काढली आणि बाबांना घातलं. ताई आली, खेळायला बसली, म्हाताऱ्याने पोराला पकडलं आणि मोबाइलमधून बाबा:

"अरे ए सुरकुत्या! एकदा इस्त्रीखाली धरला ना तुला, तर घडी घालून पिशवीत देईन तुझ्या आईकडे!"

ताई ताडकन उभी राहिली आणि मोबाइल पाठीमागे लपवला. एवढी बाई, कंपनीची मालकीण! मी जमिनीवर लोळायचाच बाकी राहिलो. मग तीही हसली. हसता हसता गप्प झाली आणि म्हणाली, "परत लाव."

२७ फेब्रुवारी

गल्लीतल्या पोरांना खेळायला दिला. आधी सगळी जीव तोडून पळत होती. मग एकाला म्हाताऱ्याने पकडलं आणि बाबा म्हणाले, "डोकं आहे की हँगर? नुसतं वर अडकवलंय!" त्यानंतर कुणी पळेच ना. सगळी मुद्दाम पकडली जायला लागली, पुढचं काय म्हणतो ते ऐकायला.

हे मी ताईला सांगितलं. तीही एकदा मुद्दाम पकडली गेली. मग म्हणाली, "बाबांना सांगायला हवं."

"हो, सांगायला हवं," मी म्हटलं.

दोघांनी मान डोलावली आणि कामाला लागलो.

१९ मार्च

गेम बाहेर पडला. नाव 'पळा, म्हातारा आला!' पहिल्या दिवशी फक्त ओळखीच्यांनी घेतला. पेन्सिलच्या मामाने घेतला आणि कसा उघडायचा ते विचारायला फोन केला.

२ एप्रिल

काहीतरी झालंय. कुणीतरी म्हाताऱ्याचा व्हिडिओ टाकला आणि सगळे घ्यायला लागले. ताईच्या पडद्यावरचा आकडा थांबतच नाही. आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो होतो, दूध उतू जायची वाट बघत बसावं तसे. खालचा टायरवाला वर आला आणि म्हणाला, "तुमच्यापैकी म्हातारा कोण?"

ताई रडली. पेन्सिलने तिला पाणी दिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं.

२८ एप्रिल

नवं ऑफिस. काचेचं. दरवाजा आपोआप उघडतो, मी सकाळी सहज वीसेक वेळा आत-बाहेर केलं. गळ्यात कार्ड आहे. पैसे लावणारे एक साहेब आलेत, उन्हाळ्यातही कोट घालतात. त्यांनीच सांगितलं की गेम नेहमी इंटरनेटवरूनच चालला पाहिजे, आपल्या मशीनला, म्हणजे सर्व्हरला, विचारल्याशिवाय कुणाच्या फोनवर उघडताच कामा नये, म्हणजे जाहिराती दाखवता येतात. ताईने तसं करून दिलं.

साहेब मला म्हणाले, "आवाज तू आणतोस ना? दर आठवड्याला नवे पाहिजेत. माणसं खेळायला येत नाहीत, बोलणी खायला येतात."

म्हणजे माझा उद्योग आता ऑफिसचं काम झाला.

९ मे

या आठवड्याचा माल. सोमवारी पाणी मारायच्या बाटलीत साबण घातला, शर्टावर फेस आला. "तुला जन्माला घातलं तेव्हाच पावती घ्यायला हवी होती, परत तरी करता आला असता!" बुधवारी एका कोटाच्या दोन्ही बाह्या आतून टाचल्या. "कॉलर ताठ आणि आत सगळा भुसा! अकलेला कुणी गरम पाण्यात धुतलं रे तुझ्या? आकसून रुमाल झालाय!"

बाबा काय फॉर्मात आहेत! ओरडताना कान लाल होतात, एक भुवई वर जाते. ओरडून झालं की मला जवळ ओढतात, कॉलर नीट करतात आणि ढकलून देतात. जेवताना परत सुरू. आई म्हणते, "तुम्हा दोघांचं झालं असेल तर वाढते." मग बाबा स्वतःच्या ताटातली बटाट्याची फोड माझ्या ताटात टाकतात आणि वर म्हणतात, "खा, नाहीतरी वायाच जातंय."

हे ताटातलं रेकॉर्ड करता येत नाही, भांड्यांचा आवाज येतो.

१६ मे

बाबांना कळलं.

मी दुकानातच होतो. एक गिऱ्हाईक कपडे न्यायला आलं, सोबत त्यांची छोटी मुलगी मोबाइलवर खेळत होती. बाबा घडी घालत होते. तेवढ्यात मोबाइलमधून, "अरे ए बिनबटणाच्या!"

बाबांनी वर बघितलं. त्यांना वाटलं असावं, आपणच बोललो.

"कोण आहे गं हा?" त्यांनी विचारलं.

"म्हातारा," मुलगी म्हणाली. "वेडा आहे. बघा ना." आणि मोबाइल त्यांच्यासमोर धरला.

बाबांनी पूर्ण ऐकलं. मग पुढचं ऐकलं. सुरकुत्याचं, हँगरचं, पावतीचं. मला वाटलं आता फुटणार बॉम्ब. मी दाराकडे एक पाय काढून ठेवला होता आणि, खोटं कशाला लिहू, फोन शर्टाच्या खिशात चालूच होता. एवढा मोठा माल कोण सोडेल!

बाबांनी मुलीला मोबाइल परत दिला, "छान आहे" म्हणाले आणि कपडे बांधून दिले. मला काहीच नाही.

संध्याकाळी ताईला म्हटलं, "तू सांगितलं नव्हतंस?"

"मी? मला वाटलं तू."

बाबा मात्र चांगल्या मूडमध्ये होते. शांत जेवले.

२४ मे

बाबांचा घसा बसलाय. आठवडाभर एक ओरडा नाही. इस्त्रीची वायर काढून ठेवली तर त्यांनी ती गुपचूप लावली. मी घशाच्या गोळ्या आणून दिल्या. त्यांनी एक घेतली आणि म्हणाले, "थँक्यू."

बाबा! मला! थँक्यू!

घसा फारच बसला असणार.

६ जून

दुकानापुढे रोज कुणी ना कुणी येतं. कुणीतरी पत्ता टाकला म्हणे. फोटो काढतात. कॉलेजची पोरं काल आली. "आजोबा, एक द्या ना!" बाबा अजून आजोबा नाहीत, पण असो. त्यांनी मान हलवली, नको नको केलं. पोरं ऐकेनात. मग गिऱ्हाइकांचा खोळंबा होतो म्हणून बाबा म्हणाले, "काय रे, कामधंदे नाहीत का तुम्हाला? टाइमपास लेकाचे!"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, "असं नाही हो. गेममधल्यासारखं करा ना."

दुसरा म्हणाला, "भुवई वर पाहिजे."

बाबांनी भुवई वर करून बघितली. मला हसू आलं. पोरांनाही आलं. बाबा पण हसले, पण ते जरा वेगळंच, दुकान बंद करतानाचं शटर असतं तसं.

२१ जून

साहेब रोज विचारतात, "माल?" मी म्हणतो, घसा. ताईने बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले घसा एकदम ठणठणीत आहे. डॉक्टरला काय कळतं! त्यानेही शेवटी फोटो काढून घेतला.

आईने स्वयंपाकघरात रेडिओ आणून ठेवलाय. आधी ती म्हणायची, घरात दोन लाउडस्पीकर असताना रेडिओ कशाला.

३ जुलै

मी सगळं करून बघितलं. हँगर लपवले, पाटीवर 'इस्त्री' पुसून 'मिस्त्री' केलं, त्यांच्या चपलेत बर्फ घातला. बाबांनी पाय काढला, बर्फ बाहेर टाकला, चप्पल पुसली.

"बाबा, मी केलं ते."

"हो का? बरं."

बरं! मी दारात उभाच राहिलो. पळायला तयार होतो, पण पळायचं कुणापासून?

२२ जुलै

आकडा खाली यायला लागला. जुनं तेच तेच ऐकून लोक कंटाळले. एकाने लिहिलंय, 'म्हाताऱ्याला आता पोट भरलंय, राग येत नाही.' ताई पडद्याला नाक लावून बसते. मी खुर्ची फिरवतो. ताई म्हणते फिरवू नकोस. मग मी थांबतो. मग ती म्हणते, फिरव, फारच शांत वाटतंय.

८ ऑगस्ट

साहेबांनी एक नट आणला. आवाज दमदार, मफलर गुंडाळलेला, गरम पाणी पितो. वाक्यं मी लिहून दिली. बाबांना सुचली असती तशी. नटाने इतकी झकास म्हटली की पेन्सिलने टाळ्या वाजवल्या.

गेममध्ये घातली. तीन दिवसांत लोकांनी आमची कातडी सोलली. 'हा खोटा म्हातारा आहे.' 'हा रागावत नाही, हा पाठ केलेलं म्हणतो.' 'खऱ्या म्हाताऱ्याला काय केलंत?'

ताईने हे शेवटचं वाचलं आणि लॅपटॉप बंद केला. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नाही. विचारतायत ते बरोबरच आहे."

मला कळलं नाही. बाबांना आम्ही काय केलंय? दुकान चालू आहे, जेवतात, झोपतात.

३० ऑगस्ट

पेन्सिल गेला. दुसरीकडे काम लागलं. जाताना माझं चित्र काढून दिलं, त्यात मी खुर्चीवर आणि खुर्ची हवेत. त्याच्या जागेवर आता साहेबांचा कोट असतो.

साहेब म्हणाले, "दोन-अडीच महिन्यांत खरा आवाज मिळाला तर मी आहे. नाही मिळाला तर मशीन बंद करतो आणि सामान उचलतो." अगदी प्रेमाने म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१२ सप्टेंबर

ताई जेवताना रडली. म्हणजे डोळ्यात काही गेलं म्हणाली. बाबांनी घास खाली ठेवला.

"काम अडलंय ना गं तुझं?"

"नाही बाबा, चाललंय."

"मी येतो. कुठे यायचं असतं? मशीन असतं ना काही, त्याच्यासमोर बोलायचं असतं ना?"

ताई "नको" म्हणाली, पण ते तिने फारच हळू म्हटलं. आणि मी तर उडीच मारली. सुटलो! उद्याचंच ठरवून टाकलं.

१३ सप्टेंबर

बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. पांढरा, मामाच्या लग्नातला. काचेचा दरवाजा आपोआप उघडला तर दचकले आणि त्याला "माफ करा" म्हणाले.

रेकॉर्डिंगची खोली लहान आहे, भिंतींना स्पंज लावलाय. आत बाबा, बाहेर काचेपलीकडे आम्ही. ताईने बटण दाबलं. "बोला बाबा, काहीही."

"काय बोलू?"

"नेहमीसारखं."

बाबा उभे राहिले. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं. मग म्हणाले, "अरे ए..." आणि थांबले. "अरे ए... मुला."

साहेबांनी घड्याळात बघितलं.

मी म्हटलं थांबा, यांना पेटवायला मीच लागतो. मी आत गेलो, टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि त्यांच्या त्या पांढऱ्या शर्टावर ओतली. कॉलरपासून खालपर्यंत. बाहेर ताई ओरडली. मी दाराशी जाऊन उभा राहिलो आणि वाट बघितली. या शर्टावर तर बाबांनी मला जन्मभर पुरेल एवढं ऐकवायला पाहिजे होतं.

बाबांनी खिशातून रुमाल काढला. आधी जमिनीवरचं पाणी पुसलं. मग मशीनवर थेंब गेला होता तो. मग म्हणाले, "असू दे. वाळेल."

"बाबा, ओरडा ना!" मी म्हटलं.

"अरे, मी काय मुद्दाम करतो?" ते म्हणाले. "तोंड उघडलं की आधी तोच ऐकू येतो. त्या मोबाइलमधला. माझ्यापेक्षा तो चांगला ओरडतो रे. मी बोललो की वाटतं, त्याची नक्कल करतोय. आणि नक्कल पण धड होत नाही."

मग काचेकडे बघून ताईला म्हणाले, "लिहून दे गं काही. वाचतो मी."

मी लिहिलेले कागद नटाच्या वेळचे पडले होते. बाबांनी चष्मा लावला आणि वाचलं. एकेक शब्द, पूर्ण, स्पष्ट. लाइट बिल वाचावं तसं. सगळे कागद वाचले. एकदा एका ठिकाणी चुकले तर 'सॉरी' म्हणून परत पहिल्यापासून वाचलं.

साहेब मधेच बाहेर गेले. ताईने शेवटपर्यंत बटण दाबून ठेवलं होतं. बाबा बाहेर आल्यावर ती म्हणाली, "मस्त झालं."

"झालं ना? तुझं काम निघेल ना?"

"निघेल."

बसने घरी आलो. बाबांना खिडकीजवळ बसवलं, शर्ट वाळावा म्हणून.

१५ सप्टेंबर

आज काही लिहावंसं वाटत नाही.

४ ऑक्टोबर

मुद्दाम एक शर्ट जाळला. गिऱ्हाइकाचा, महागातला. पाठीवर इस्त्रीचा छाप, जहाजासारखा. मोडण्यात मी हुशारच आहे. म्हटलं, हे तरी.

बाबांनी शर्ट उजेडात धरला, छापाच्या कडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, "होतं असं कधी कधी." गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनीच हात जोडले. तो माणूस पाऊण तास बोलला. काय भिकार बोलत होता! एक शब्द धड नाही, नुसता आवाज. बाबा मान खाली घालून ऐकत होते. मी मधे म्हटलं, "मी जाळला." बाबा त्याला म्हणाले, "लहान आहे, लक्ष नव्हतं त्याचं."

लहान कसला! दाढी येते मला.

२६ ऑक्टोबर

आई म्हणते, "हल्ली दुपारी दुकानात कानात काहीतरी घालून बसतात. हाक मारली तरी कळत नाही." मी म्हटलं बातम्या ऐकत असतील. आई म्हणाली, "बातम्या ऐकताना कुणी ओठ हलवतं का?" मी म्हटलं, चिडून ऐकत असतील. असं असेल तर चांगलंच आहे.

२५ नोव्हेंबर

साहेबांनी सर्व्हरचं मशीन बंद केलं. त्यामुळे गेम जगात जिथे जिथे होता तिथे एकदमच मेला. उघडला की करडा पडदा आणि एक गोल फिरत राहतो. मी बराच वेळ तो गोल बघितला. ताई म्हणाली, "मिट ते." तिला पुढच्या महिन्यापासून दुसऱ्या कंपनीत नोकरी आहे, कुणाच्या तरी हाताखाली. नखं वाढवतेय म्हणाली, तेवढाच फायदा.

२९ नोव्हेंबर

ऑफिस रिकामं केलं. साहेबांची माणसं कॉम्प्युटर न्यायला येणार होती. ताई म्हणाली, "सगळं पुसून दे. मला बघवत नाही."

"बाबांचे आवाज?"

"तू आणलेस, तू ठरव."

मी ठरवलं. स्पंजच्या खोलीत बाबा म्हणाले होते ते डोक्यात होतं. तो बोलतो म्हणून हे बोलत नाहीत ना? मग तोच नको. एकेक करून उडवले. खेळात न घातलेलेसुद्धा. कचऱ्याच्या डब्यातूनही उडवले, कुणी शोधायला नको. माझ्या आणि ताईच्या फोनमधले उडवले. घरी आलो तर बाबा अंघोळीला गेले होते, त्यांच्या फोनमध्ये गेम होता आणि ताईने कधीतरी पाठवलेले बरेच आवाज होते. तेही साफ.

बरं वाटलं. इतक्या दिवसांत काहीतरी नीट केलं.

२ डिसेंबर

वाट बघितली. तीन दिवस. बाबा दुपारी फोन हातात घेऊन खालीवर करत होते, चष्मा लावून, काढून. आज मीच दुकानात गेलो, इस्त्री केलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसलो आणि सांगून टाकलं.

"बाबा, तो गेला."

"कोण?"

"म्हातारा. गेममधला. मी पुसला सगळीकडून. ऑफिसातून, माझ्या नि ताईच्या फोनमधून, तुमच्यातूनही. आता कुठेच नाही."

बाबांनी इस्त्री उभी केली.

"सगळे?"

"सगळे!"

"एकही नाही ठेवलास?"

"एकही नाही," मी म्हटलं. छाती काढून म्हटलं.

ते स्टुलावर बसले. फोन त्यांच्या हातात होता, तो उलटा करून मांडीवर ठेवला. "ऐकायचो रे मी दुपारचे," ते म्हणाले. "कपडे कमी असले की. म्हटलं, ऐकत राहिलो, बरोबर म्हणत राहिलो, तर येईल परत. यायलाही लागलं होतं थोडंथोडं. परवा मागच्या दारी मांजरीवर करून बघितलं. पळाली."

मी फोन काढला आणि शोधायला लागलो. लोकांनी टाकलेले व्हिडिओ होते काही. पण सगळ्यांवर गाणी चढवलेली, खाली बाबांचा आवाज ओळखूही येत नव्हता. तोंड तेवढं पेन्सिलच्या म्हाताऱ्याचं हलत होतं. पेन्सिलला फोन केला, त्याच्याकडे चित्रं होती. ताईला केला. तिने फक्त "अरे..." म्हटलं.

बाबा म्हणाले, "जाऊ दे. तू काय मुद्दाम केलंस?"

आणि मी ज्या कपड्यांवर बसलो होतो त्यातले कडेचे दोन शर्ट त्यांनी हळूच ओढून घेतले. मला धक्का लागू नये असे.

"मला पाठ आहेत," मी म्हटलं. पाठ नव्हते. आठवायला गेलो की नटाचेच येत होते. "मी सांगतो, तुम्ही म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता. म्हणा, अरे ए पायपुसण्या."

बाबांनी बाहेर कुणी नाही ना ते बघितलं. "अरे ए पायपुसण्या."

"ऊठ त्या कपड्यांवरून."

"ऊठ त्या कपड्यांवरून."

"नाहीतर तुलाच स्टार्च लावून दोरीवर टांगीन."

"नाहीतर तुलाच..." ते थांबले, माझ्याकडे बघितलं. "स्टार्च लावून... दोरीवर टांगीन." टांगीन इतकं हळू की चालेल का म्हणून विचारल्यासारखं. मग चष्मा नाकावर सरकवला.

"बरोबर आलं का रे?"

"एकदम बरोबर," मी म्हटलं आणि कपड्यांवरून उठलो.